विहिरीच्या तळाशी नोमोनहान

हारुकी मुराकामी ह्या जपानी कादंबरीकाराचे नाव मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेले नाही. त्यांच्या लेखनाविषयी बोलताना 'जादुई वास्तववाद' ही संज्ञा इतक्या सहजपणे वापरली जाते की, ती एकदा उच्चारली म्हणजे पुढे सांगण्याजोगे काही उरत नाही असा समज व्हावा. बोलणारी मांजरे, आकाशातून पडणारे मासे, भिंतीतून आरपार जाणारी माणसे ह्यांची यादी होते, मार्केसचे नाव घेतले जाते आणि चर्चा संपते. ही जादू ज्या जमिनीतून उगवली ती जमीन कोणती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तो एका कादंबरीपुरता विचारू इच्छितो. ती कादंबरी म्हणजे १९९४-९५ साली तीन भागांत प्रसिद्ध झालेली 'नेजिमाकीदोरी कुरोनिकुरु'. जे रुबिन ह्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातून (१९९७) ती जगभर पोचली आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हातीही तीच आवृत्ती येते. ही आवृत्ती संक्षिप्त आहे. प्रकाशकाने घातलेल्या मर्यादेमुळे मूळ मजकुरातील सुमारे २५,००० शब्द त्यातून गळले आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

शीर्षकाचे मराठी करायचे झाल्यास आम्ही 'किल्लीच्या पक्ष्याची बखर' असे करू. जुन्या खेळण्याला किल्ली द्यावी तसा कर्र कर्र आवाज करणारा, कोणालाच न दिसणारा एक पक्षी ह्या कादंबरीत अधूनमधून ऐकू येतो. तो रोज जगाच्या कमानीला किल्ली देतो आणि त्यावर हे जग चालते, अशी नायकाच्या बायकोची गमतीची कल्पना आहे. 'क्रॉनिकल'साठी 'बखर' हा शब्द आम्ही योजला तो केवळ सोयीसाठी नव्हे. बखर म्हणजे दप्तर नव्हे. ऐकलेले, आठवलेले, पुढच्या पिढीला सांगितलेले असे ते कथन असते. त्यात तपशिलाच्या चुका असतात आणि चमत्कारही असतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर प्रहार केले आणि समकालीन पत्रांना प्रमाण मानले, ते इतिहासशास्त्राच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु दप्तरच मुके केले गेले असेल, तर काय करायचे? मुराकामींची कादंबरी नेमक्या ह्याच प्रश्नापाशी उभी आहे, असे आमचे मत आहे.

कथानक थोडक्यात असे. १९८४ सालचे टोकियो. वकिलाच्या कचेरीतली नोकरी सोडून घरी बसलेला तिशीतला तोरू ओकादा स्वयंपाक करतो, कपडे धुतो, हरवलेले मांजर शोधतो. काही दिवसांनी त्याची बायको कुमिको हीदेखील नाहीशी होते. घरामागच्या बंद बोळात एक ओसाड वास्तू आहे आणि तिच्या आवारात एक कोरडी विहीर आहे. ओकादा ह्या विहिरीत उतरून अंधारात बसू लागतो आणि तेथून एका वेगळ्याच, स्वप्नासारख्या जगात जाऊ लागतो. त्याच्या विरुद्ध बाजूला उभा आहे कुमिकोचा भाऊ नोबोरु वाताया. हा दूरदर्शनच्या पडद्यावर चमकणारा अर्थपंडित आहे आणि राजकारणात वेगाने वर चढतो आहे. इतपत गोष्ट एखाद्या गूढ कौटुंबिक कादंबरीची वाटेल. पण होंडा नावाच्या एका बहिऱ्या वृद्ध ज्योतिषाच्या मुखाने आणि पुढे लेफ्टनंट मामिया ह्या निवृत्त शिक्षकाच्या प्रदीर्घ आठवणींतून कादंबरीत एकाएकी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे मांचुरिया आणि मंगोलियाचे गवताळ वाळवंट शिरते. तरुण वाचकाला येथे ठेच लागते. टोकियोच्या बोळातून हा लेखक आपल्याला हालहा नदीच्या काठी का घेऊन गेला, हे त्याला उमजत नाही. त्यासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागते.

१९०५ साली रशियाचा पराभव करून जपानने ल्याओतुंग द्वीपकल्पाचा भाडेपट्टा आणि दक्षिण मांचुरियातील रेल्वेमार्ग मिळवला. त्याच्या रखवालीसाठी ठेवलेली फौज १९१९ पासून क्वांतुंग सेना म्हणून ओळखली जाऊ लागली. ही सेना टोकियोपासून दूर होती, महत्त्वाकांक्षी होती आणि वरिष्ठांची आज्ञा येण्याआधीच कृती करून मोकळे व्हायचे, हे तिचे वळण होते. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकदेनजवळ रेल्वेच्या रुळांवर एक लहानसा स्फोट झाला. तो चिनी सैनिकांनी केला असे सांगून क्वांतुंग सेनेने अवघा मांचुरिया व्यापला. स्फोट खुद्द ह्या सेनेच्याच अधिकाऱ्यांनी घडवला होता. कांजी इशिवारा आणि सेइशिरो इतागाकी हे त्या कटाचे सूत्रधार. टोकियोतील सरकारने कुरकुरत का होईना, झाले ते पत्करले. १ मार्च १९३२ रोजी मांचुकुओ नावाचे 'स्वतंत्र' राष्ट्र जाहीर झाले, चीनचा पदच्युत बालसम्राट पुयी त्याच्या शिरोभागी बसवण्यात आला आणि चांगचुन शहराला शिंक्यो, म्हणजे 'नवी राजधानी', असे नाव देण्यात आले. राष्ट्रसंघाने ह्या प्रकाराला मान्यता नाकारली, तेव्हा १९३३ साली जपानने राष्ट्रसंघच सोडला.

मांचुकुओची जाहिरात मोठी देखणी होती. पाच वंशांचा सलोखा, राजधर्माने चालणारे सुखी राज्य, रुंद रस्ते, वेगवान आगगाड्या. १९३६ साली तर वीस वर्षांत दहा लाख जपानी कुटुंबे तेथे वसवण्याची योजना आखली गेली आणि १९४५ पर्यंत सुमारे पावणेतीन लाख शेतकरी वसाहतकरी प्रत्यक्ष गेलेही. त्यांना दिलेल्या जमिनींपैकी पुष्कळशा चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांकडून कवडीमोलाने घेतलेल्या होत्या. हार्बिनजवळ पिंगफांग येथे ७३१ क्रमांकाचे पथक जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करीत होते. स्वप्ननगरी आणि तळघर अशी ही एकाच इमारतीची दोन अंगे होती. मुराकामींच्या कादंबरीत दिवसाउजेडीचे टोकियो आणि विहिरीच्या तळाशी उघडणारी अंधारी खोली ह्यांची जी रचना आहे, ती वाचताना हा नकाशा मनात असला तर ती रचना निव्वळ कल्पनेची करामत वाटत नाही. नोबोरु वातायाचा काका हा लष्करी पुरवठ्याच्या शास्त्राचा जाणकार अधिकारी होता, तो मांचुकुओत इशिवाराला भेटला, तेथल्या थंडीत लढायचे तर लोकरीचे गणित कसे बसवावे ह्याचा अभ्यास त्याने केला, असा तपशील कादंबरीत येतो. ह्या काकाचाच मतदारसंघ पुढे पुतण्याकडे वारशाने जातो. मुराकामींच्या १९८२ च्या कादंबरीतही मेंढी आणि मांचुरिया ह्यांची सांगड होती, हे जाणकारांना आठवेल.

आता नोमोनहान. मांचुकुओ आणि सोव्हिएत रशियाच्या छत्राखालील मंगोलिया ह्यांची सीमा हालहा नदी आहे, असे जपानी म्हणत. ती नदीच्या पूर्वेस पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, असे मंगोल म्हणत. वादाचा मुलूख म्हणजे गवत, वाळूच्या टेकड्या आणि डास. ११ मे १९३९ रोजी मंगोल घोडेस्वारांशी चकमक झाली आणि तीतून चार महिन्यांचे युद्ध पेटले. जूनच्या अखेरीस क्वांतुंग सेनेने टोकियोला अंधारात ठेवून मंगोलियाच्या हद्दीतील तामसाक-बुलाक येथील विमानतळावर हवाई हल्ला केला. जुलैच्या आरंभी जपानी फौजा नदी ओलांडून गेल्या आणि मार खाऊन परतल्या. रणगाड्यांसमोर पेट्रोलच्या बाटल्या घेतलेले पायदळ, ही त्या लढाईची प्रसिद्ध प्रतिमा आहे. सर्वांत जवळच्या रेल्वेस्थानकापासून रणांगण सहाशेहून अधिक किलोमीटर दूर असताना रशियन येथे मोठी फौज पोसूच शकणार नाहीत, असा जपानी अधिकाऱ्यांचा हिशेब होता. जपानी बाजूचे रेल्वेस्थानक दोनशे किलोमीटरच्या आसपास होते. गेओर्गी झुकोव्ह ह्या सेनानीने हजारो मालमोटारी त्या वाळवंटातून अहोरात्र धावायला लावल्या आणि तो हिशेब पुसून टाकला. २० ऑगस्टला ५० हजारांहून अधिक सैनिक आणि सुमारे ५०० रणगाडे घेऊन त्याने चढाई केली. दहा दिवसांत जनरल कोमात्सुबारा ह्यांची २३ वी डिव्हिजन वेढली जाऊन चिरडली गेली. तिची सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कामी आली वा जायबंदी झाली. नदी शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे वेढ्यातले सैनिक पाण्यावाचून तळमळत होते. ही तहान कादंबरीत वृद्ध होंडाच्या बोलण्यात पुन्हापुन्हा येते.

ही चढाई चालू असतानाच २३ ऑगस्टला हिटलर आणि स्टालिन ह्यांचा अनाक्रमण करार झाला. जपानचे हिरानुमा मंत्रिमंडळ गोंधळून २८ ऑगस्टला पायउतार झाले. १५ सप्टेंबरला तह झाला आणि दोनच दिवसांनी सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. युरोपातल्या महायुद्धाच्या धुरळ्यात हालहाकाठचे हे युद्ध जगाच्या नजरेआड गेले. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर असे दिसून आले की, रशियनांची हानी (मृत, बेपत्ता व जखमी मिळून सुमारे २५ हजार) जपान्यांपेक्षा कमी नव्हती. जपानमध्ये अलीकडे काही जण ह्या आकड्यांवर बोट ठेवून 'आपण हरलो नव्हतो' असे म्हणतात. परंतु ज्या जमिनीसाठी लढाई झाली ती जमीन गेली, हे त्यामुळे बदलत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने लढाईपेक्षाही महत्त्वाचे आहे ते तिच्या नंतर घडलेले. रशिया आणि मंगोलिया ह्या संग्रामाला 'हालहा नदीची लढाई' म्हणतात. जपानी भाषेत त्याचे नाव 'नोमोनहान जिकेन' असे आहे, म्हणजे नोमोनहानची घटना. १९३१ चे आक्रमण ही 'मांचुरिया घटना' आणि १९३७ पासून चीनशी चाललेले सर्वंकष युद्ध हीही सरकारी भाषेत 'घटना'च. युद्ध म्हटले की ते कोणीतरी पुकारलेले असते आणि हरले की कोणीतरी हरलेले असते. घटना मात्र आपोआप घडते. ह्या एका शब्दाने कर्ताच वाक्यातून गाळून टाकला. सैनिकांच्या तोंडांना कुलपे घालण्यात आली. कैदेतून परतलेल्या अधिकाऱ्यांना पिस्तुले देऊन आत्महत्या करायला लावण्यात आले. हुकुमाशिवाय माघार घेतल्याचा ठपका ठेवून लेफ्टनंट कर्नल इओकी ह्यांच्यासारख्यांनाही तोच मार्ग दाखवण्यात आला. आणि ज्यांच्या आततायीपणातून हे सारे घडले, त्या क्वांतुंग सेनेच्या मुख्यालयातील मासानोबु त्सुजी आणि ताकुशिरो हात्तोरी ह्यांचे काय झाले? काही काळ बाजूला सारल्यासारखे करून दोन वर्षांच्या आत दोघेही टोकियोतील सेनामुख्यालयात युद्धयोजनेच्या विभागात येऊन बसले. मलाया आणि ग्वादालकनाल येथील मोहिमांवर त्यांच्या हातचे ठसे आहेत. पराभवानंतर हात्तोरींनी महायुद्धाचा विस्तृत इतिहास लिहिला आणि तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्सुजी काही वर्षे भूमिगत राहून प्रकटले, त्यांची पुस्तके धडाक्याने खपली आणि १९५२ साली ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडूनही आले. १९६१ साली ते लाओसमध्ये गेले आणि तेथेच नाहीसे झाले.

हा त्सुजींचा वृत्तांत वाचल्यावर नोबोरु वाताया हे पात्र अकस्मात परिचयाचे वाटू लागते. वाताया म्हणजे त्सुजी असे आम्ही सुचवीत नाही. कादंबरी इतकी उघड रूपके करीत नाही. पण नोमोनहानमध्ये जी वृत्ती होती, म्हणजे बुद्धी तल्लख, शब्द प्रभावी, परिणामांशी मात्र देणेघेणे नाही, ती पराभवाने नष्ट झाली नाही. तिने गणवेश उतरवून सूट चढवला आणि ती दूरदर्शनच्या पडद्यावर येऊन बसली, हे कादंबरीचे म्हणणे आहे. आपल्या नोमोनहानच्या ओढीविषयी मुराकामींनी पुढे प्रवासवर्णनात लिहिले, त्याचा आशयही असाच आहे. त्या युद्धाची घडण फारच जपानी होती, असे त्यांना वाटले.

ह्या विषयाला हात घालणे सोपे नव्हते. रियोतारो शिबा हे जपानचे सर्वाधिक वाचले गेलेले ऐतिहासिक कादंबरीकार. ते स्वतः तरुणपणी मांचुरियात रणगाडा दलात अधिकारी होते. नोमोनहानवर कादंबरी लिहिण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे साधने जमवली आणि अखेरीस ती लिहिलीच नाही. १९९६ साली ते वारले. ज्याने मांचुरिया पाहिला होता त्याला जे लिहवले नाही, ते १९४९ साली जन्मलेल्या मुराकामींनी लिहिले, आणि तेही जपानपासून दूर बसून. १९९१ च्या आरंभी ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे राहायला गेले तेव्हा आखाती युद्ध सुरू झाले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पर्ल हार्बरच्या हल्ल्याला पन्नास वर्षे झाली. जपानी माणसाकडे पाहणाऱ्या नजरा त्या वर्षी विशेष तीक्ष्ण होत्या. लहानपणी इतिहासाच्या एका पुस्तकात नोमोनहानची छायाचित्रे त्यांनी पाहिली होती. प्रिन्स्टनच्या ग्रंथालयात त्या युद्धावरची पुस्तके एकदम समोर आली आणि ती जुनी ओढ जागी झाली.

मायदेशीही काळ बदलत होता. १९८९ च्या जानेवारीत सम्राट हिरोहितो निवर्तले आणि त्यांच्याबरोबर बरेचसे मौनही सैल झाले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये किम हाक-सुन ह्या कोरियन वृद्धेने जपानी सैन्याने आपल्यावर लादलेल्या लैंगिक गुलामगिरीची साक्ष उघडपणे दिली. कादंबरीचा पहिला भाग 'शिंचो' मासिकात १९९२-९३ मध्ये क्रमशः आला, पहिले दोन भाग पुस्तकरूपाने एप्रिल १९९४ मध्ये आणि तिसरा ऑगस्ट १९९५ मध्ये निघाला. दरम्यान त्या वर्षीच्या जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूचा हल्ला झालेला होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी पंतप्रधान मुरायामा ह्यांनी वसाहतवाद आणि आक्रमण ह्यांबद्दल क्षमा मागणारे निवेदन केले. राज्यकर्ते आणि कादंबरीकार एकाच महिन्यात एकाच भूतकाळाशी बोलत होते. भाषा अर्थातच वेगळ्या होत्या.

मुराकामींची ही भाषा समजून घ्यायची तर विहिरीपाशी यावे लागते. मामियाच्या आठवणी १९३८ सालच्या, म्हणजे लढाईच्या एक वर्ष आधीच्या आहेत. एका गुप्त कामगिरीवर चार माणसे हालहा ओलांडतात आणि पकडली जातात. त्यांच्यातल्या यामामोतोला एका रशियन अधिकाऱ्याच्या हुकुमावरून जिवंतपणी सोलले जाते आणि मामियाला वाळवंटातल्या कोरड्या विहिरीत टाकले जाते. दिवसातून काही क्षणच सूर्य तिच्या तळापर्यंत पोचतो. तो प्रकाश मामियाला आयुष्यभर पुरतो आणि आयुष्यभर जाळतो. वाचक हे भीषण वर्णन विसरत नाही. त्याआधीचा एक छोटा संवाद मात्र बहुतेक जण विसरतात. मोहिमेतला सार्जंट हामानो रात्री मामियाला सांगतो की, नानजिंगमध्ये आपल्या तुकडीने माणसे विहिरीत लोटली आणि वरून हातबाँब टाकले.

म्हणजे कादंबरीतील पहिली विहीर टोकियोची नव्हे आणि मंगोलियाचीही नव्हे. ती नानजिंगची आहे. टोकियोतल्या विहिरीचे पूर्ववृत्तही निर्मळ नाही. त्या ओसाड घरात पूर्वी राहणाऱ्या सेनाधिकाऱ्याने उत्तर चीनमधल्या युद्धकैद्यांच्या हत्यांबद्दल पकडले जाण्याच्या भयाने आत्महत्या केली होती, असे आपल्याला सांगितले जाते. ओकादा विहिरीत उतरतो तेव्हा तो आपल्या मनाच्या तळाशी जातो, असे समीक्षक म्हणतात. ते खरेच आहे. पण त्या तळाशी जे साचले आहे ते त्याच्या एकट्याचे नाही. विहिरीतून वर आल्यावर त्याच्या गालावर एक निळसर डाग उमटतो. तसाच डाग १९४५ साली शिंक्योच्या प्राणिसंग्रहालयातील पशुवैद्याच्या गालावर होता. ह्या दोघांचे रक्ताचे नाते नाही, ते कधी भेटलेले नाहीत. इतिहासाचा वारसा रक्ताने येत नाही आणि तरीही तो अंगावर उमटतो, हे सांगण्यासाठी वास्तववादाकडे साधन नाही. कार्यकारणाची साखळी जेथे कोणीतरी हेतुतः तोडून ठेवली आहे, तेथे लेखक ती चमत्काराने जोडतो. मार्केसच्या गाजलेल्या कादंबरीत केळीच्या मळ्यांतील मजुरांचे हत्याकांड घडते आणि साऱ्या गावाला ते घडल्याचे आठवतच नाही. त्या प्रसंगामागे कोलंबियातील सिएनागा येथील १९२८ चा गोळीबार आहे. दोन्ही ठिकाणी सर्वांत अद्भुत गोष्ट म्हणजे सरकारी विस्मरण. कादंबरीकाराची जादू त्या मानाने पुष्कळच माफक म्हणावी लागेल.

ह्या कादंबरीतला आमच्या मते सर्वांत थोर भाग पशुवैद्याचा आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत फौजा मांचुकुओत शिरल्या. क्वांतुंग सेनेची चांगली पथके आधीच दक्षिणेकडे हलवली गेली होती. वसाहतकरी बायकामुले वाऱ्यावर सोडली गेली. सुमारे सहा लाख जपानी सैनिक सैबेरियात कैदेत गेले आणि त्यांतले हजारो तेथेच मेले. मागे राहिलेली, चिनी घरांत वाढलेली जपानी मुले १९८१ पासून सरकारी खर्चाने नातेवाईक शोधायला जपानला येऊ लागली. ओकादा घरी बसून मांजर शोधत होता त्या वर्षांत ही मध्यमवयीन 'मुले' जपानी दूरदर्शनवर आपली माणसे शोधत होती. कादंबरीत ह्या पराभवाच्या दिवसांत सैनिकांची तुकडी प्राणिसंग्रहालयात येते आणि वाघ, बिबळे, लांडगे, अस्वले ह्यांना गोळ्या घालते. हत्ती मात्र तिच्या बंदुकांना झेपत नाहीत, म्हणून वाचतात. पुढे हीच तुकडी बेसबॉलच्या पोशाखात पळू पाहणाऱ्या चिनी लष्करी छात्रांना मारते आणि त्यांच्यातल्या एकाला बॅटने ठार करायचा हुकूम सुटतो. पशुवैद्य हे सारे जवळ उभा राहून पाहतो.

ही दृश्ये कल्पित आहेत, हे येथे स्पष्ट करायला हवे. शिंक्योला प्राणिसंग्रहालय होते, सोव्हिएत आक्रमण झाले, मांचुकुओच्या सैन्यात चिनी तरुण होते, हा सांगाडा खरा आहे. बॅटचा प्रसंग मुराकामींचा. मात्र प्राण्यांच्या कत्तलीमागे प्रत्येक जपानी वाचकाला ठाऊक असलेली एक खरी गोष्ट आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हिंस्र प्राणी अधिकाऱ्यांच्या आज्ञेने मारण्यात आले. तीन हत्तींनी विषारी बटाटे खाल्ले नाहीत, तेव्हा त्यांना उपाशी ठेवून मारले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्ती मागितला आणि १९४९ साली पंडित नेहरूंनी आपल्या मुलीचे नाव दिलेली 'इंदिरा' ही हत्तीण उएनोला पाठवली, हा ह्या कथेचा भारतीय धागा. जपानी बालवाङ्मयात उएनोचे हत्ती युद्धाच्या निष्पाप बळींचे प्रतीक झाले. मुराकामींनी त्या हळव्या गोष्टीतून प्राणी उचलून मांचुरियात नेले आणि त्यांच्या शेजारी चिनी तरुणांची प्रेते ठेवली. 'आम्हीही सोसले' असे सांगणाऱ्या गोष्टीला 'आम्ही केले' हे वाक्य जोडले. आमच्या मते कादंबरीतली सर्वांत धाडसी कृती हीच आहे.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. कादंबरीतला सर्वांत अंगावर येणारा छळ जपानी माणसाचा होतो, तो करणारा मंगोल असतो आणि करवणारा रशियन. नानजिंगचा उल्लेख काही ओळींत आटोपतो. मंगोल, चिनी ह्यांना नावेही फारशी नाहीत. कथन सर्वस्वी जपान्यांच्या मुखातून होते. हालहाच्या काठी ज्यांची कुरणे होती त्या मंगोलांची बखर येथे नाही. हा आक्षेप आम्हाला अंशतः मान्य आहे. मात्र तिसऱ्या भागातील चिनी छात्रांचे हत्याकांड त्याची बरीच भरपाई करते, आणि हा भाग पहिल्या दोघांनंतर सव्वा वर्षाने आला हेही लक्षात घ्यायला हवे. मधल्या काळात, जून १९९४ मध्ये, न पाहता ज्याविषयी लिहिले ते रणांगण मुराकामींनी प्रथमच चीन आणि मंगोलिया ह्या दोन्ही बाजूंनी पाहिले. गंजलेले रणगाडे आणि तोफगोळ्यांचे तुकडे तेथे तसेच पडून होते. तेथून उचलून आणलेला एक तुकडा उशाशी असताना रात्री खोली भूकंपासारखी हादरल्याचा भास त्यांना झाला आणि हादरत होतो ते आपणच, हे मागाहून उमगले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. जपानी साहित्यविश्वात त्यांना उथळ ठरवणाऱ्यांत केंझाबुरो ओए हे मोठे नाव होते. ह्या कादंबरीला १९९५ सालचे योमिउरी पारितोषिक मिळाले, तेव्हा तिचा गौरव करायला तेच ओए उभे राहिले.

२००९ साली जेरुसलेम येथील भाषणात मुराकामींनी आदल्या वर्षी वारलेल्या आपल्या वडिलांविषयी जाहीरपणे सांगितले. चीनमध्ये सैनिक म्हणून जाऊन आलेले ते वडील रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसून युद्धात मेलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी प्रार्थना करीत. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांनी वडिलांवर दीर्घ लेख लिहिला. आपल्या तुकडीने एका चिनी कैद्याचा शिरच्छेद केल्याचे वडिलांनी लहानपणी एकदाच सांगितले होते आणि ते ओझे तेव्हाच आपल्याकडे आले, असे त्यात आहे. वडील नानजिंगच्या संहारात सामील असलेल्या पलटणीत होते की काय, ह्या भयाने त्यांनी कैक वर्षे त्यांची सेवापुस्तिका तपासलीच नाही. तपासली तेव्हा ते १९३८ च्या ऑगस्टमध्ये भरती झाल्याचे, म्हणजे नानजिंगनंतरचे, निघाले. कत्तल जवळून पाहणारा आणि काहीही न करू शकणारा पशुवैद्य कोठून आला, ह्यावर आम्ही अधिक बोलणार नाही. वाचकांनी ते पान आणि हा लेख शेजारी ठेवून पाहावे.

कादंबरीच्या अखेरच्या भागात कळते की 'किल्लीच्या पक्ष्याची बखर' हे नाव मुळात एका मुक्या तरुणाने संगणकात लिहून ठेवलेल्या कथांचे आहे. त्या पशुवैद्याचा हा नातू. आजोबांनी जे पाहिले ते आईने लहानपणी जहाजावर जणू स्वप्नात पाहिले, ते तिने मुलाला सांगितले, मुलाने लिहिले. त्यात खरे किती आणि रचलेले किती, हे ओकादाला ठरवता येत नाही. राजवाड्यांनी अशी बखर पुराव्यातून बाद केली असती आणि त्यांचे चुकले नसते. नोमोनहानचे आकडे, तारखा, हुकूम ह्यांसाठी आपण दप्तरेच पाहिली पाहिजेत. ती आता पुष्कळशी खुली आहेत. परंतु ज्या देशाच्या भाषेने युद्धाला 'घटना' म्हणून त्यातला कर्ताच नाहीसा केला, तेथे 'हे कोणी केले?' हा प्रश्न तीन पिढ्यांनंतर एका मुक्या माणसाच्या बखरीने विचारावा, ह्यात अद्भुत असे काही नाही. वृद्ध होंडा मरताना ओकादासाठी आठवण म्हणून एक बंद खोके ठेवून जातो आणि ते उघडल्यावर रिकामे निघते. नोमोनहानहून जपानी समाजाला जो वारसा मिळाला, तो असाच होता. त्या खोक्यात पूर्वी काय होते, हे शोधण्याचे काम पुढच्यांवर आले.